मलकापूर ते बुलढाणा, पावणेदोनशे वेळा

मलकापूरहून बुलढाण्याला येताना राजूर घाट लागला की एसटीचा आवाज बदलतो. मलकापूर समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटरवर, बुलढाणा साडेसहाशेच्या आसपास. म्हणजे चढण ४०० मीटरची. सायकलने हा घाट चढलेल्याला विचारा, छाती कशी भरून येते ते. आता हीच चढण पावणेदोनशे वेळा चढायची आहे, तीही २५ दिवसांत!

अशी शर्यत खरोखरच होती. तिचं नाव रेड बुल ट्रान्स-सायबेरियन एक्स्ट्रीम. २०१५ मध्ये ती पहिल्यांदा भरली. मॉस्कोहून निघायचं, व्होल्गा आणि उरल ओलांडायचे, बैकल सरोवर मागे टाकायचं आणि थेट पॅसिफिकच्या काठी व्लादिवोस्तोकला पोचायचं. अंतर सुमारे ९,१०० किलोमीटर. सगळे चढ मिळवले तर ७० हजार मीटरच्या वर. प्रसिद्ध टूर द फ्रान्सच्या अडीचपटीहून हे अंतर जास्त. या शर्यतीतला चिता ते स्वोबोद्नी हा एकच टप्पा १,३०० किलोमीटरहून मोठा. मुंबईहून दिल्ली गाठण्याइतकाच जवळपास!

आणि खरी गंमत घड्याळाची. मॉस्को आणि व्लादिवोस्तोकच्या वेळेत ७ तासांचा फरक. पूर्वेकडे जाणाऱ्याला सूर्य रोज थोडा लवकर गाठतो. २५ दिवसांवर वाटले तर दिवसाची सरासरी १७ मिनिटं हातातून निसटतात. झोप आधीच अपुरी, त्यात दिवसच २४ तासांपेक्षा आखूड. शरीराने झोपेची वेळ ओळखावी, तोवर ती वेळच अलीकडे सरकलेली.

२०१८ मध्ये शेवटपर्यंत पोचले अवघे तिघे. त्यांत एक होते डॉ. अमित समर्थ, आपल्या विदर्भातले, नागपूरचे. ही शर्यत पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. आदल्याच वर्षी त्यांनी सुमारे ४,९०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली होती. खामगाव, नांदुरा, मलकापूर ज्या महामार्गावर आहेत, तोच त्यांच्या शहराला जातो.

ती शर्यत आता भरत नाही. पण राजूर घाट जागेवर आहे. पुढच्या वेळी सायकलने वर पोचलात की मागे वळून खालचा रस्ता पाहा आणि मनात मोजा: अजून १७४ बाकी.