गालिचा आणि शालू

१९९४ साली भदोहीचा इलाखा वाराणसी जिल्ह्यातून तोडून त्याचा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला, आणि त्याच वर्षी, तेथील मागांवर विणल्या जाणाऱ्या गालिच्यांना ‘यात बालकाचे श्रम नाहीत’ अशी ग्वाही देणारी क्रमांकित चिठ्ठी लावण्यासाठी ‘रगमार्क’ ही संस्था उभी राहिली. पहिल्या घटनेची नोंद सरकारी दप्तरात झाली. दुसरीने जगभरच्या श्रमिकांच्या चळवळीला एक नवा मार्ग दाखविला.

भदोही, मिर्झापूर आणि वाराणसी या पट्ट्यातील गालिचे अनेक पिढ्यांपासून परदेशी जात आले आहेत. त्यांच्या गाठी मारण्यास कोवळी बोटेच हवीत, असे व्यापारी सांगत. परंतु मुलाला मजुरी कमी द्यावी लागते, ते तक्रार करीत नाही, आणि बापाच्या हातावर पेशगी ठेवली की कर्ज फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा कधीच नाही, घरी परतू शकत नाही, हे त्यामागचे खरे कारण होते. बिहारमधील दरिद्री गावांतून दलालांमार्फत आणलेल्या अशा मुलांचा अभ्यास वाराणसीच्या राजघाटावरील गांधी विद्या संस्थानाचे बी. एन. जुयाल यांनी १९८० च्या दशकातच मांडला होता.

वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झालेली होती, आणि १९८६ च्या बालमजुरीविषयक कायद्याने गालिचे विणण्याच्या कामावर मुले ठेवण्यास मनाईही केली; मात्र कुटुंबीयांच्या साहाय्याने मालक चालवितो त्या कारखान्यास त्या मनाईतून सूट असल्यामुळे, तपासनीस दाराशी आला की परगावचे मूल मालकाचा पुतण्या किंवा भाचा ठरविणे सोपे होते. कायदा कागदावर पूर्ण असूनही मुलाच्या वाट्याला काही येऊ नये, हे पाहून कोणाही सहृदय माणसाला संताप यावा.

बालमजुरीविरुद्ध झगडणारे कैलास सत्यार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मागांवरून मुले सोडविण्याचे काम चालू ठेवले, पण त्याबरोबरच गालिचा ज्या घरात अंथरला जातो त्या घराचे दार ठोठावले. जर्मनीतील सेवाभावी संस्थांनी ग्राहकांना जागे केले. अमेरिकेच्या सेनेटमध्ये टॉम हार्किन यांनी १९९२ साली बालश्रमाने बनलेल्या मालाची आयात रोखणारे विधेयक आणले, आणि ते संमत झाले नाही तरी त्याची धास्ती निर्यातदारांना बसली. रगमार्कची योजना अशी की, निर्यातदाराने आपल्या मागांची यादी द्यावी, आगाऊ सूचना न देता तपासणी होऊ द्यावी, आणि चिठ्ठीवरील क्रमांकावरून गालिचा कोणत्या मागावर उतरला याचा माग काढता यावा; त्यातून जमणाऱ्या निधीचा भाग मुलांच्या शिक्षणाकडे वळावा. पुढे १९९८ साली मनिलाहून निघालेली बालश्रमविरोधी जागतिक पदयात्रा जिनिव्हास पोहोचली, पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने बालश्रमाच्या निकृष्टतम प्रकारांविरुद्धचा १८२ वा करार मंजूर केला, आणि २०२० पर्यंत संघटनेच्या सर्व १८७ सदस्य राष्ट्रांनी त्यास मान्यता दिली. भारताने ती २०१७ साली दिली.

हे सारे घडले, कारण दूर देशीच्या ग्राहकाने प्रश्न विचारला. आणि येथेच मला वाराणसी शहरातील दुसऱ्या मागाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. मदनपुरा, अलईपुरा, लोहता या वस्त्यांत विणला जाणारा शालू परदेशापेक्षा आपल्या देशातच अधिक खपतो. मराठी लग्नघरांत तर त्याचे स्थान पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. परंतु त्याच्या विणकराला मजुरी काय मिळते, हे आपण वधूपक्षाने वा वरपक्षाने कधी विचारलेले नाही. रेशीम गिरस्ताकडून, म्हणजे काम वाटून देणाऱ्या व्यापाऱ्याकडून, येते, मजुरी नगावर ठरते, लहानशा दोषासाठी तीतून कपात होते, आणि हिशेब पुष्कळदा लांबणीवर पडतो. २००९ साली बनारसी साडीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने वस्त्राच्या नावास संरक्षण लाभले, विणणाऱ्याच्या मजुरीस नव्हे.

या विणकरांना संघटित होणे ठाऊक नाही असे मात्र कोणी समजू नये. अगहन महिन्यातील एका शुक्रवारी सारे माग थांबवून सामुदायिक नमाज पढण्याची त्यांची रीत जुनी आहे, आणि माग थांबविण्याच्या त्याच कृतीला, ‘मुर्री बंद’ला, ते हक्काच्या लढ्यातही जवळ करतात: यंत्रमागांना ठोक दराने मिळणारी वीज बंद होऊ लागली तेव्हा २०२० साली त्यांनी हेच हत्यार उपसले. तो झगडा सरकारशी होता. व्यापाऱ्याशी झगडणे अधिक कठीण, कारण घरी बसून काम करणाऱ्यास कायदा मजूर म्हणून सहजी ओळखत नाही. अशा गृहश्रमिकांना इतर कामगारांच्या बरोबरीची वागणूक मिळावी, म्हणून आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९९६ साली १७७ वा करार केला, आणि त्यासाठी इला भट्ट यांच्या ‘सेवा’ या श्रमिक स्त्रियांच्या संघटनेने मोठी खटपट केली होती. पण भारताने त्यास अद्याप मान्यता दिलेली नाही. दरम्यान लोहत्याच्या घरात पुरुष मागावर बसतो, स्त्री कांड्या भरते, मुलगी विणून झालेल्या साडीचे सुटे धागे कातरते, आणि मजुरी एकाच्याच नावावर मांडली जाते.