जुन्या संगणकात दुसरी हार्ड डिस्क
डिस्क भरली म्हणून अख्खा संगणक बदलायची गरज नाही. दुसरी हार्ड डिस्क घरच्या घरी बसवता येते.

आधी प्लग काढा, मग कॅबिनेट उघडा. फार जुन्या मशीनमध्ये आयडीईची रुंद, चपटी केबल असते. तिच्यावर दोन डिस्क चालतात, पण जंपर लावून एक मास्टर, दुसरी स्लेव्ह ठरवावी लागते. नंतरच्या मशीनमधल्या साटा जोडणीत ही कटकट नाही. एक बारीक डेटा केबल, एक पॉवर केबल. दोन्हींच्या तोंडाला 'एल' आकाराची खाच असल्याने त्या उलट्या बसत नाहीत. जोर मात्र लावू नका.

विंडोज सुरू केल्यावर नवी डिस्क 'माय कॉम्प्युटर'मध्ये दिसत नाही आणि अनेकांना ती खराबच वाटते. ती फक्त कोरी असते. डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे तिच्यासमोर काळी पट्टी दिसेल. पहिला प्रश्न येतो, डिस्कच्या विभागणीची नोंद कोणत्या पद्धतीने ठेवायची: एमबीआर की जीपीटी? एमबीआर सेक्टरचा क्रमांक 32 बिटांत लिहितो, त्यामुळे 512 बाइटच्या सेक्टरला त्याची मजल साधारण 2 टीबीपर्यंतच जाते. त्याहून मोठ्या डिस्कला जीपीटीच हवं. 32 बिटी विंडोज एक्सपीला मात्र ते वाचता येत नाही. मग पट्टीवर राइट क्लिक करून 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' आणि एनटीएफएस फॉरमॅट निवडा. 1 टीबीची डिस्क 931 जीबी दिसेल, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या. डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, पाडायचे असतील तर माझ्या मते दोन पुरेत. फॉरमॅटआधी डिस्कचा क्रमांक आणि आकार दोनदा वाचा. जुनी डिस्क निवडली गेली तर घरचे सगळे फोटो जातील.