मुंबईची आशा, न्यूयॉर्कचा जॅझ

भंडारदऱ्याला काजवे पाहायला आलेल्या एका टोळक्याच्या स्पीकरवर नोटोरियस बी.आय.जी.चं १९९७ चं रॅप वाजत होतं. त्यात पेरलेला तुकडा 'स्पेस टॉक' या १९७६ च्या गाण्यातला, आणि गायिका मुंबईत जन्मलेली आशा पुथली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं!

पुथली शास्त्रीय संगीत शिकलेल्या. जॅझ संगीतकार ऑर्नेट कोलमनच्या 'सायन्स फिक्शन' या अल्बमसाठी १९७१ मध्ये त्यांनी दोन गाणी गायली. कोलमनचं संगीत ठरलेल्या चाकोरीतलं नव्हे. तिथे रियाजच कामी आला असणार.

१९७२ मध्ये दिग्दर्शक जेम्स आयव्हरीच्या 'सॅव्हेजेस' या सिनेमात त्या वनकन्या झाल्या. पुढे इटालियन सिनेमाही केला. पण अभिनय जोडीलाच. ठसा उमटला तो आवाजाचा.

नवख्यांनी 'सायन्स फिक्शन'मधल्या 'ऑल माय लाइफ'पासून सुरुवात करावी.