केबिन रोडवरची पडताळणी

सकाळी ७. दुकानांची शटरं उघडायच्या आत केबिन रोड पायी उरकायचा. भाईंदर पूर्वेतल्या जुन्या इमारती आता पुनर्विकासाला निघाल्या आहेत. हिरवी जाळी, पत्र्याचं कुंपण किंवा खोदलेला पाया दिसला की वहीत नोंद करते : ठिकाण, कितवा स्लॅब, फलकावर महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, क्रमांक आहे की नाही. ठाणे जिल्ह्याचे जुने क्रमांक ‘पी ५१७’ने सुरू होतात. महारेराच्या पोर्टलवरची यादी किती पूर्ण आणि ताजी आहे तेच तपासायचंय, म्हणून पोर्टल मात्र तोवर मुद्दाम उघडलेलं नसतं. यादी आधी पाहिली की नजर यादीतलंच शोधत राहते.

८.३०. एका गेटवर मुकादम भेटला.
“दादा, कितवा माळा?”
“आठव्याचं शटरिंग चाललंय ताई. सातवा भरून पंधरा दिवस झाले.”
हे पंधरा दिवस महत्त्वाचे. तारखेविना स्लॅबची नोंद काहीच कामाची नाही.

११. आता पोर्टल. ‘केबिन रोड’ एवढंच टाकून भागत नाही. कुठे मौजे गोडदेव, कुठे नवघर, कुठे खारी, पुढे सर्व्हे आणि हिस्सा नंबर. भाईंदरचं इंग्रजी स्पेलिंग तर ज्याचं त्याचं निराळं. पिनकोड ४०११०५ धरून एकेक नोंद वहीशी ताडून बघते. दिवसातलं सगळ्यात किचकट काम हेच.

जुळलं नाही म्हणजे पोर्टलची चूक, असंही नाही. रेरा कायद्याच्या कलम ३ नुसार ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत सदनिका असतील तर नोंदणी लागत नाही. पुनर्विकासात एकही घर विक्रीला नसेल, तरी लागत नाही. अशी बांधकामं आधी वगळायची. ती न वगळता ‘इतके टक्के प्रकल्प गायब’ म्हणणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. त्या आकड्यावर लोक घर घ्यायचं की नाही ते ठरवतात.

दुपारी १. हिशेब. समजा, नोंदणी लागणारी २० बांधकामं रस्त्यावर दिसली आणि त्यातली १६ पोर्टलवर सापडली, तर पोर्टल साधारण ८० टक्के पूर्ण. पण मोठा फलक लावणारा बिल्डर मलाही दिसतो आणि नोंदणीही करतो. आतल्या गल्लीतला दोन्हीकडून निसटतो. म्हणून ८० हा आकडा बहुधा चढाच. निसटलेल्यांसाठी तिसरी यादी काढते : दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या करारांची सूची-२. घरं विकली जात असतील तर तिथे खूण सापडते.

४. आता ताजेपणा. कलम ११ प्रमाणे बिल्डरने दर तिमाहीला माहिती अद्ययावत करायची असते. सोबत आर्किटेक्टचा फॉर्म १, इंजिनिअरचा २ आणि सीएचा ३. मी फॉर्म अपलोड केल्याची तारीख बघत नाही, प्रमाणपत्रात काम कोणत्या दिवसापर्यंतचं धरलंय ते बघते. सकाळच्या त्या इमारतीचे कागद पाचव्या स्लॅबवरच थांबलेले. ही माहिती शिळी, पण खोटी नव्हे. कागदावर आठवा स्लॅब आणि जागेवर नुसता खड्डा असेल, तर मामला वेगळा. त्याचा रकाना मी वेगळाच ठेवते.

आणखी एक रकाना कल्याण-डोंबिवलीमुळे आला. तिथे महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून ६५ इमारतींनी महारेराचे क्रमांक मिळवले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. तिथे संसार थाटलेल्यांचं काय? त्यांनी तर क्रमांक बघूनच पैसे भरले होते. तेव्हापासून बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र महापालिकेच्या दप्तराशी पडताळल्याशिवाय मी नोंद खरी धरत नाही.

संध्याकाळी ७. शेजारचं जोडपं आलं. घर बुक करायचंय, बिल्डर वीस टक्के मागतोय. कलम १३ काढून दाखवलं : नोंदणीकृत कराराआधी दहा टक्क्यांहून जास्त मागता येत नाही. मग त्या प्रकल्पाचा शेवटचा फॉर्म १ उघडला आणि म्हटलं, “उद्या हा घेऊन साइटवर जा, आणि स्लॅब मोजा.”