वाळूत एकटी गाडी जात नाही

हातोदच्या आसपासच्या काळ्या मातीत पावसाळ्यात ट्रॅक्टर रुतला की काय करायचं, हे गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. चाक जागच्या जागी फिरवत बसायचं नाही. खाली दगड, काटक्या, पोती, जे मिळेल ते सरकवायचं आणि शेजारच्या शेतातून दुसरा ट्रॅक्टर बोलवायचा. चिखलाचं हे शहाणपण आपल्याकडे पिढीजात आहे. वाळूचं मात्र नाही. आपल्याला वाळू माहीत असते ती घराचं काम निघालं की दारात पडणाऱ्या नर्मदेच्या रेतीच्या ढिगाएवढीच.

पण वाळवंट आता तितकं लांब राहिलेलं नाही. इंदूरहून जोधपूरला थेट रेल्वे आहे, पुढे जैसलमेर. थंडीतली सहल ठरवताना कुणीतरी 'सम'च्या वाळूच्या टेकड्यांचं नाव काढतंच, आणि तिथे गेलं की जीपची फेरी आलीच. ज्यांचे काका-मामा दुबई, शारजा, अबुधाबीकडे असतात, त्यांना तर सुट्टीच्या दिवशी पाच-सहा गाड्यांचा ताफा करून वाळूत जाणाऱ्यांचे व्हिडिओ नेहमीच येतात. बघताना वाटतं, गाडी दणकट हवी आणि चालवणारा धाडसी हवा, बस्स. प्रत्यक्षात या दोन्ही गोष्टी पुष्कळ खालच्या क्रमांकावर आहेत. वाळूत गाडी चालवण्याचं जे शास्त्र आहे, त्यातला मोठा भाग एकमेकांना सांभाळण्याचा आहे. ते कसं, ते पाहू.

वाळूचा स्वभाव

दारातल्या ढिगावर वरून कोरडी रेती ओतून बघा. ढीग उंच होत जातो, पण एका मर्यादेनंतर बाजू घसरायला लागते. कितीही ओता, उतार साधारण ३२ ते ३४ अंशांच्या पुढे टिकत नाही. वाळवंटातल्या टेकडीचंही तेच आहे. वारा ज्या बाजूने येतो ती बाजू लांब, कमी चढाची आणि दाबून बसलेली असते. वाऱ्याबरोबर कण उड्या मारत माथ्यापर्यंत येतात आणि पलीकडे पडतात. म्हणून पलीकडची बाजू तीव्र उताराची आणि भुसभुशीत असते. राजस्थानात अशा टेकडीला 'धोरा' म्हणतात. धोरा म्हणजे वाऱ्याने अजून पूर्ण न केलेलं काम. गेल्या महिन्यातली वाट या महिन्यात तशीच असेल, याची खात्री नाही.

यातूनच पहिला धोका निघतो. चढताना समोर फक्त आकाश दिसतं. माथ्यापलीकडे सरळ उतार आहे, वाटीसारखा खोल खळगा आहे, की तिथे आधीच एखादी गाडी रुतून उभी आहे, हे माथ्यावर पोचेपर्यंत कळत नाही. भर दुपारी सूर्य डोक्यावर असताना तर सावल्याच पडत नाहीत, त्यामुळे खड्डा आणि सपाटी सारखीच दिसते. सकाळी सावल्या लांब असतात, वाळू थंड असते, कधी दवाने किंचित ओलसरही असते आणि ओलसर वाळू चाकाला धरून ठेवते. म्हणून जाणकार लोक सकाळी लवकर निघतात.

जोर नव्हे, हवा

वाळूत शिरण्याआधीचं पहिलं काम म्हणजे टायरांतली हवा सोडणं. पेट्रोल पंपावर आपण 'पस्तीस भर' म्हणतो ते ३५ पीएसआय. (हा पीएसआय म्हणजे फौजदार नव्हे, हवेचा दाब मोजायचं माप!) वाळूसाठी तो साधारण १५ ते १८ वर आणतात.

का, त्याचा हिशेब सोपा आहे. गाडी २,००० किलोंची धरली तर प्रत्येक चाकावर ५०० किलो. ३५ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच किलो. म्हणजे ५०० किलो पेलायला टायरचा जमिनीला टेकणारा भाग ढोबळमानाने २०० चौरस सेंटिमीटर. दाब १५ वर आणला की तोच भाग ४७५ चौरस सेंटिमीटरच्या घरात जातो. वजन तेच, पण दुपटीहून जास्त जागेवर वाटलं गेलं. उंटाचा पाय पसरट का असतो, त्याचं उत्तरही यातच आहे. मात्र हवा फारच कमी केली तर वळताना टायर रिंगवरून निसटू शकतो. आणि डांबरी रस्त्यावर परतल्यावर हवा पुन्हा भरलीच पाहिजे. मऊ टायर वेगात तापतो आणि फुटतो.

ही युक्ती रुळवणाऱ्यांत राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याचं नाव मोठं आहे. १९२०च्या दशकात इजिप्तमध्ये नेमणुकीवर असताना तो आणि त्याचे मित्र सुट्ट्यांमध्ये साध्या फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात जात. कमी हवेचे टायर, रुतलेल्या चाकाखाली घालायच्या लोखंडी पट्ट्या, रेडिएटरमधली वाफ पकडून पुन्हा पाणी करणारा डबा, सूर्याच्या सावलीवरून दिशा दाखवणारं होकायंत्र हे सगळं त्यांनी अनुभवातून बसवलं. पुढे १९४१ साली त्याने वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूच्या भौतिकशास्त्रावर ग्रंथ लिहिला, जो आजही अभ्यासला जातो. १९४० मध्ये त्याने कैरोत 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप' ही लष्करी तुकडी उभी केली. महायुद्धाच्या त्याच काळात भारतीय घोडदळातल्या जवानांचं 'इंडियन लाँग रेंज स्क्वॉड्रन'ही वाळवंटात याच पद्धतीने काम करत होतं.

नुसत्या यंत्राच्या ताकदीने वाळू जिंकता येत नाही, याचा दाखला आपल्याच देशात आहे. 'बॉर्डर' सिनेमामुळे लोंगेवाला सगळ्यांना माहीत आहे. ४ आणि ५ डिसेंबर १९७१च्या दरम्यानच्या रात्री पाकिस्तानी रणगाडे त्या ठाण्यावर चालून आले. समोर होती मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखालची २३ पंजाबची एक कंपनी. जवानांनी ठाणं रात्रभर सोडलं नाही. इकडे रणगाडे मऊ वाळूत अडकू लागले आणि उजाडताच जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनी त्यांना टिपलं. जवानांचं शौर्य मोठंच, पण पायाखालची जमीन न पारखता अवजड यंत्रं पुढे दामटण्याची किंमतही शत्रूने तिथे मोजली.

चढ, माथा, उतार

चढावर गाडी सरळ घालायची आणि आवश्यक तेवढा वेग पायथ्याशीच घ्यायचा, मध्ये गिअर बदलत बसायचं नाही. माथा आला की पाय सैल करायचा, म्हणजे गाडी पलीकडे उडणार नाही. चढ पुरा झाला नाही तर लाज न बाळगता आपल्याच चाकोरीतून सरळ रिव्हर्समध्ये खाली यायचं. अर्ध्या चढावर गाडी वळवू बघणारा पलटी खातो. आडव्या उतारावर गाडी घसरू लागली तर स्टिअरिंग वर नाही, खालच्या दिशेला वळवायचं. मनाला ते उलटं वाटतं, पण गाडी सरळ होते. कचकन ब्रेक मारायचा नाही, कारण चाकापुढे वाळूचा बांध तयार होतो. थांबायचं तर उताराकडे तोंड करून, म्हणजे पुन्हा निघताना त्रास होत नाही.

हे सगळं एका माणसाला शिकता येतं. पण पुढचा भाग एकट्याने शिकण्यासारखा नाही.

ताफ्याचे नियम

वाळूत एकटी गाडी नेत नाहीत. दोन ही कमीत कमी संख्या, तीन-चार असल्या तर बरं. निघण्यापूर्वी सगळे एकत्र उभे राहतात. कुठे जायचं, किती वाजता परत फिरायचं, वॉकी-टॉकीचा चॅनल कोणता, हे ठरतं. गाड्या आणि माणसं मोजली जातात. गावात मागे राहणाऱ्या एकाला परतीची वेळ सांगून ठेवतात. प्रत्येक गाडीला उंच काठीवर झेंडा लावतात, म्हणजे माथ्यापलीकडची गाडी दिसण्याआधी तिचा झेंडा दिसतो.

पुढे असतो म्होरक्या. तो वाट शोधतो, बाकीचे त्याच्या चाकोरीतून येतात. सर्वात नवखा चालक कुठे असतो? आपल्याला वाटेल शेवटी. तसं नाही, तो म्होरक्याच्या लगेच मागे असतो. तिथे चाकोरी ताजी असते, म्होरक्याची नजर त्याच्यावर राहते आणि तो अडकला तर मागून मदत येतेच. सगळ्यात शेवटी राहतो तो मुरलेला चालक. त्याच्याकडे फावडं, दोर-पट्टे, हवेचा पंप, प्रथमोपचाराची पेटी असते. वाट दाखवण्याची वाहवा म्होरक्याला मिळते, पण ताफा घरी आणतो तो हा शेवटचा.

एका टेकडीवर एका वेळी एकच गाडी. पुढची पलीकडे सुखरूप उतरून बाजूला झाली आणि तिने 'रस्ता मोकळा' असं कळवलं, की मगच पुढची निघते. घाई करून मागोमाग चढणारी गाडी माथ्यावरून थेट रुतलेल्या गाडीवर जाऊन पडू शकते. या खेळातला हा फार वाईट अपघात.

आणि एक नियम मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. प्रत्येकाने आरशात आपल्या मागच्या गाडीवर लक्ष ठेवायचं. मागची दिसेनाशी झाली की आपण थांबायचं. आपण थांबलो की आपल्या पुढच्याला आपण दिसत नाही, म्हणून तोही थांबतो. असं होत होत काही मिनिटांत सगळा ताफा आपोआप थांबतो. रेडिओ बंद पडला तरी चालतं, आरडाओरडा करावा लागत नाही. कोणीही मागे सुटत नाही, कारण प्रत्येकाने फक्त एकाची जबाबदारी घेतलेली असते. ताफ्याचा वेग म्होरक्या नाही, सगळ्यात अडखळणारी गाडी ठरवते.

रुतल्यावर

चाक फिरतंय पण गाडी हलत नाही असं जाणवलं, की अॅक्सिलरेटरवरून पाय लगेच काढायचा. जितकं चाक फिरवाल तितकं ते स्वतःचा खड्डा खणतं आणि शेवटी गाडीचं पोट वाळूवर टेकतं. मग चारही चाकांना काही धरायला उरत नाही. चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू फावड्याने काढायची, हवा आणखी थोडी कमी करायची, आणि आपल्याच चाकोरीतून मागे यायला बघायचं. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

ओढून काढायची वेळ आली तर सावध. पट्टा गाडीच्या चासीला पक्क्या बसवलेल्या हुकालाच लावायचा. मागे ट्रॉली जोडायच्या गोळ्याला लावला आणि तो तुटला, तर तोफगोळ्यासारखा येतो. माणसं मेली आहेत अशाने. पट्टा ताणलेला असताना त्याच्या आसपास कुणी उभं राहायचं नाही. व्हिडिओ काढायला तर मुळीच नाही.

पाणी माणशी दिवसाला किमान पाच-सहा लिटर, तेही गरजेपेक्षा एक दिवस जास्तीचं. इंधनही नेहमीच्या हिशेबाच्या बरंच वर. आणि चुकामूक झालीच तर गाडी सोडून पायी निघायचं नाही. गाडी सावली देते, आणि शोधणाऱ्याला माणसापेक्षा गाडी कितीतरी लांबून दिसते.

थांबण्याची ही रीत शर्यतीतही सुटलेली नाही. डकार रॅली म्हणजे वाळवंटातली सर्वात खडतर स्पर्धा. बंगळुरूचा सी. एस. संतोष २०१५ साली तिथे उतरलेला पहिला भारतीय. जानेवारी २०२१ मध्ये सौदी अरेबियात तो जबर पडला. इतर स्पर्धक त्याच्यासाठी थांबले, मग हेलिकॉप्टरने त्याला रियाधच्या रुग्णालयात नेलं. तिथला नियम असा, की जखमी स्पर्धकासाठी थांबणाऱ्याचा गेलेला वेळ त्याला परत दिला जातो. जिथे सेकंदांवर निकाल लागतो, तिथेही थांबणाऱ्याचं नुकसान होऊ देत नाहीत.

आपण गेलो तर

आपल्यापैकी बहुतेक जण समला जाऊ ते चालक म्हणून नाही, जीपच्या मागच्या बाजूला बसणारे म्हणून. तरी विचारायचे प्रश्न आहेतच. गाडीला वर भक्कम लोखंडी सांगाडा आहे का? प्रत्येकाला पट्टा आहे का? बसायच्या जागेपेक्षा जास्त माणसं कोंबली नाहीत ना? उभं राहून रील काढायचं नाही, आणि चालकाला "भैया, और तेज" म्हणायचं नाही. गटातल्या एकाने जरी "मला भीती वाटते, हळू घ्या" म्हटलं, तर ते सगळ्यांचं म्हणणं समजायचं. सर्वात अडखळणाऱ्याने वेग ठरवायचा, हा ताफ्याचा नियम प्रवाशांनाही लागू आहे.

आणि ही वाळू रिकामी नाही. जैसलमेर-बाडमेर भागात ३,१६२ चौरस किलोमीटरचं डेझर्ट नॅशनल पार्क आहे. आपल्या सोलापूरकडच्या नान्नजच्या माळावरून जवळजवळ नाहीसा झालेला माळढोक आता मुख्यतः तिथेच तगून आहे. तो एका वेळी बहुधा एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. चाकोरी सोडून 'जरा तिकडून' घातलेली एक गाडी त्याचं वर्ष संपवू शकते. कोकणच्या किनाऱ्यावरही तेच. वेळासला समुद्री कासवं वाळूत अंडी घालतात, आणि किनाऱ्यावर हौसेने उतरवलेल्या गाड्या भरतीच्या पाण्यात अडकल्याच्या बातम्या सुट्ट्यांमध्ये येतच असतात. जिथे गाडी न्यायला मनाई आहे तिथे ती न नेणं, हा ताफ्याचा पहिलाच नियम धरा.

पुढच्या सहलीचं ठरवाल तेव्हा यातलं दुसरं काही आठवलं नाही तरी चालेल, आरसा तेवढा आठवा. मागचा दिसत नसेल, तर थांबा.