लॅम्बोर्गिनी आधी ट्रॅक्टरवाला होता!

लॅम्बोर्गिनी हे नाव आता खेड्यातल्या पोरांनाही पाठ आहे. जमिनीला टेकलेली, कोट्यवधी रुपयांची शर्यतीसारखी मोटार, आणि तिच्या नाकावर बैलाचे चित्र. पण ही मोटार काढणारा माणूस मूळचा शेतकऱ्याचा पोरगा, हे फार थोड्यांना माहीत असेल.

फेरुच्चो लॅम्बोर्गिनी यांचा जन्म 1916 साली इटलीतल्या एका शेतकरी कुटुंबात झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराची मोडीत निघालेली वाहने स्वस्तात मिळत होती. त्यांचे सुटे भाग जोडून त्यांनी ट्रॅक्टर बनवले आणि 1948 मध्ये कारखाना काढला. मोटारींचा कारखाना निघाला तो नंतर, 1963 मध्ये. बैलाचे चिन्हही त्यांच्या वृषभ राशीवरून आले. त्या नावाचे ट्रॅक्टर आजही निघतात.

आपल्याकडेही असेच झाले. ट्रॅक्टरमुळे घराघरात पोचलेल्या महिंद्राच्या मालकीच्या कंपनीने 2019 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात 'बत्तिस्ता' ही विजेवरची मोटार मांडली. ताकद 1900 अश्वशक्ती! आपला ट्रॅक्टर 45 चा. मग ती मोटार नांगर ओढेल का? नाही ओढणार.

एका सेकंदात 75 किलो वजन एक मीटर उचलायला लागते ती एक अश्वशक्ती. एक बैलजोडी साधारण तेवढे काम करते. ही ताकद वेगासाठी खर्चायची की ओढीसाठी, हे गिअर ठरवतो. शर्यतीची मोटार हलकी, तिची ताकद वेगात जाते. ट्रॅक्टरच्या सर्वात खालच्या गिअरमध्ये इंजिनाचे शंभराहून जास्त फेरे होतात तेव्हा मागचे चाक एकदा फिरते. म्हणून काळ्या रानातही तो नांगर ओढतो. थोडक्यात, ट्रॅक्टर हे ओढीचे यंत्र आहे, पळवायचे नव्हे.

हे सांगायचे कारण म्हणजे उसाचा हंगाम. मांजरा धरणाच्या पट्ट्यातला ऊस निघाला की केज-कळंब, केज-अंबाजोगाई रस्त्यांवर ट्रॅक्टरची रांग लागते. भाडे टनावर, म्हणून खेपा वाढवायची घाई. त्यात टेप मोठ्याने लावायचा आणि पुढच्याला मागे टाकायचे. पण वेग दुप्पट झाला की थांबायला अंतर चौपट लागते. वीसच्या वेगाने 10 मीटरमध्ये थांबणारी गाडी चाळीसच्या वेगाने 40 मीटर घेते. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. भरलेल्या दोन ट्रॉल्या मागून रेटा देतात, मग एकटा ट्रॅक्टर त्यांना काय अडवणार?

तेव्हा शेतकरी बंधूंनी व चालकांनी एवढे पाळावे:

1. रस्त्यावर येण्याआधी डाव्या-उजव्या ब्रेकचे पायटे खटक्याने एकत्र जोडावेत. एकाच चाकाला ब्रेक लागला की ट्रॅक्टर गर्रकन फिरतो व उलटतो.

2. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करू नये. चढताना जो गिअर, उतरतानाही तोच.

3. ट्रॉली खालच्या हुकालाच जोडावी. जोड वर घेतली की पुढची चाके उचलतात.

4. ट्रॉलीच्या मागे लाल व दोन्ही बाजूंना पिवळे रिफ्लेक्टर असावेत, उसाच्या वाढ्यांनी ते झाकू नयेत. टायरगाड्यांनाही लावावेत.

5. पंक्चर झाल्यावर चाकाला लावलेला दगड निघताना उचलावा. रात्री मोटारसायकलवाल्याचा जीव त्या दगडाने जातो.

सरपंच, ग्रामसेवक व पोलीस पाटील यांनी हंगामाआधी गावातले ट्रॅक्टर चालक आणि टोळ्यांचे मुकादम एक दिवस ग्रामपंचायतीत बोलवावेत. प्रत्येक ट्रॉलीचे रिफ्लेक्टर तिथेच तपासावेत. खर्च फार नाही, वेळ एका सकाळचा.

शर्यतीची मोटार बंदिस्त मैदानात पळते. चालकाच्या डोक्यावर हेल्मेट, अंगाला पट्टे, बाजूला रुग्णवाहिका उभी. आपल्या रस्त्यावर यातले काही नाही. समोरून येतो तो आपल्याच गावचा माणूस असतो. एक खेप कमी झाली तरी ऊस फडात उभा राहतो, गेलेला माणूस परत येत नाही.