मॉरिशसला लोक का राहिले?

हिंदी महासागरात, आफ्रिकेच्या बाजूला, मॉरिशस नावाचे एक बेट आहे. बेट म्हणजे चहूकडे पाणी आणि मध्ये जमीन. हा देश फार मोठा नाही बरं का! रत्नागिरी जिल्ह्याचे चार भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढा. तिथे आज बारा लाखांवर लोक राहतात. दर तिघांत दोघांचे वाडवडील भारतातून गेलेले. त्यांत कोकणातले मराठी लोकही होते.

ते का गेले? पोटासाठी. तिथे उसाचे मोठे मळे होते. गुलामगिरी बंद होऊ लागली, तेव्हा मळेवाल्यांना मजूर हवे झाले. म्हणून 1834 सालापासून आपल्याकडून माणसे नेऊ लागले. दलाल गावात येत आणि म्हणत, "चला, तिथे दगड उलटला की खाली सोनं सापडतं!"

लोकांना वाचता येत नव्हते. त्यांनी पाच वर्षांच्या करारावर निशाणी केली. जहाज पोर्ट लुई बंदराला लागले. धक्क्याच्या सोळा पायऱ्या चढून माणसे वर गेली. सोने कुठले? महिन्याला पाच रुपये आणि शिधा. एक दिवस कामावर गेले नाही, तर दोन दिवसांचा पगार कापत.

मग हे लोक परत का आले नाहीत? काही आले. पण पुष्कळ जण तिथेच राहिले. साखरेचे भाव पडले, तेव्हा मळेवाले जमिनीचे तुकडे विकू लागले. मजुरांनी पै पै साठवली होती. काहींनी बिघा-दोन बिघे जमीन घेतली. गावी ज्याला जमीन नव्हती, तो इथे ऊस पिकवू लागला. स्वतःची जमीन झाली, की पाय तिथेच रुततो.

संकटे काय कमी होती? 1960 साली कॅरोल नावाचे मोठे वादळ झाले. हजारो घरे पडली. लोकांनी मग सिमेंटची घरे बांधली. बेट सोडले नाही.

1968 साली मॉरिशस स्वतंत्र झाला. पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम. त्यांचे वडील बिहारहून मजूर म्हणून आले होते. 1977 पासून माध्यमिक शाळेतही फी नाही. सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत. म्हातारपणी सरकार पेन्शन देते.

घरात आता लोक क्रिओल भाषा बोलतात. पण शाळेत मराठी शिकता येते. गणेश चतुर्थीला तर साऱ्या देशाला सुट्टी असते.

पहा, पहिल्या कागदावर न वाचता निशाणी केली, तेव्हा पाच वर्षे राबावे लागले. दुसरा कागद जमिनीच्या खरेदीचा होता. त्याने घर दिले. जिथे घामाचे मोल मिळते आणि पोरे शाळेत जातात, तो मुलूख माणसाला आपला वाटतो.